आत्याची शेवटची दाढ

आमच्या गावाला इतिहास नाही, हे आम्हांला गाव शंभर वर्षांचं व्हायला आलं तेव्हा कळलं. तोवर कुणाला त्याची गरजच पडली नव्हती. मोठं शहर हाकेच्या अंतरावर. सकाळी निम्मं गाव बसने तिकडे कामाला जातं आणि संध्याकाळी झोपायला परत येतं. शहरातल्या माणसाला गावाचं नाव सांगितलं की तो विचारतो, "तिथे काय आहे?" आणि आम्ही छाती फुगवून सांगतो, "शहरापासून अगदी जवळ आहे." स्वतःबद्दल सांगण्यासारखं आमच्याकडे एवढंच होतं.

पण चौकातल्या विहिरीच्या कठड्यावर कुणीतरी एक साल कोरून ठेवलंय. नव्या नगराध्यक्षबाई एकदा विहिरीवर जाळी बसवायची की नाही हे बघायला गेल्या, तेव्हा त्यांना ते दिसलं. बाई हिशेबाला पक्क्या. तिथल्या तिथे त्यांनी वजाबाकी केली आणि सभेत जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षी गावाची शताब्दी. मोठा समारंभ होणार, गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघणार, आणि ज्याने गाव वसवलं त्याचा अर्धपुतळा चौकात बसणार.

"कुणी वसवलं?" कुणीतरी मागून विचारलं.

"ते पुस्तकात येईलच," बाई म्हणाल्या.

पुस्तक लिहायचं काम आधी निवृत्त मुख्याध्यापकांना दिलं. त्यांनी पृथ्वी थंड होण्यापासून सुरुवात केली. बरेच महिने गेले, बाईंनी चौकशी केली, तेव्हा ते नुकतेच मोठमोठ्या सरड्यांपर्यंत पोचले होते. बाईंनी त्यांचा सत्कार करून काम काढून घेतलं आणि ते आमच्या भावजींच्या गळ्यात घातलं.

भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, गावातले एकुलते एक दंतवैद्य. त्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर आणि माझं चष्म्याचं दुकान खाली. त्यांची निवड कशी झाली असं विचाराल, तर बाईंच्या म्हणण्याप्रमाणे गावात ज्यांचं अक्षर वाचता येतं असे ते एकमेव डॉक्टर. शिवाय गावातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेलं. भावजी स्वभावाने भिडस्त. नाही म्हणायला त्यांना जमतच नाही. दात काढतानासुद्धा ते दाताची माफी मागतात.

"तुम्ही हो म्हणालात?" ताईने कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हांला कालचं जेवण आठवत नाही, आणि शंभर वर्षांचं काय लिहिणार?"

"लोकांना विचारीन," भावजी म्हणाले. "एवढी माणसं येतात रोज."

आणि त्यांनी खरंच विचारायला सुरुवात केली. अडचण एवढीच होती की माणूस खुर्चीत बसला, तोंडात आरसा, नळी आणि कापूस गेला, की मगच भावजींना धीर यायचा. "तुमचे आजोबा या गावात कधी आले हो?" असं ते विचारायचे आणि खुर्चीतून "आऽ आँ आऽ" असं उत्तर यायचं. भावजी ते मान डोलावून ऐकायचे. मग चूळ भरून झाल्यावर माणसं जे सांगायची, त्यात सगळ्यांचे आजोबा शूर, सगळ्यांच्या आज्या सुंदर आणि सगळ्यांचं घर गावातलं पहिलं.

पण खरी चुरस दोन घरांत होती. एक बेकरीवाले आणि दुसरे वखारवाले. चौकात हमरस्त्याच्या एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला लाकडाची वखार. दोन्ही घरं जुनी, आणि दोघांचं कधी पटलं नाही. बेकरीवाल्यांनी दुकानाला हिरवा रंग दिला की वखारवाले आपलं फाटक तांबडं करणार. वखारीत लग्न असलं की पाव शहरातून येणार, आणि बेकरीत नवी फळी ठोकायची तर लाकूड शहरातून. भांडणाचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. दोघांनाही नव्हतं. ते आपलं बापाने चालवलं म्हणून मुलगा चालवत होता.

वखारवाले आधी आले. गडी आडदांड, बोलणं करवतीसारखं. "लिहून घ्या डॉक्टर," ते म्हणाले. "हे गाव आमच्या आजोबांनी वसवलं. पांढऱ्या घोड्यावरून आले होते."

"घोड्यावरून?" भावजींनी लिहिलं. ते लिहीत असताना मी तिथेच होतो. मला आठवत होतं की याच वखारवाल्यांच्या वडिलांच्या तोंडी तो घोडा तपकिरी होता, आणि कधीकधी खेचरही असायचा.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाले आले. हे गोल, गोरे, पिठात लोळून आल्यासारखे. "वखारवाले काय म्हणाले ते मला नको," ते म्हणाले. "खरं काय ते ऐका. आमच्या आजोबांनी पुरात शेकडो माणसं वाचवली आणि त्यांना घेऊन हे गाव वसवलं."

"पूर?" भावजी दबकत म्हणाले. "पण आपल्याकडे नदी नाही."

"पुरात वाहून गेली," बेकरीवाले म्हणाले.

त्या रात्रीच्या जेवणाला मी ताईकडेच होतो. भावजी घास हातात धरून बसलेले. ताईने दोनदा विचारलं तेव्हा कुठे म्हणाले, "अगं, एक गंमत आहे. खरं म्हणजे गंमत नाही. वखारवाल्यांच्या वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूकडे, तांदळाच्या दाण्याएवढा एक जादा दात आहे. त्यांच्या वडिलांनाही होता. त्यांच्या मुलीलाही आहे."

"मग?"

"बेकरीवाल्यांनाही आहे. तस्साच. त्याच जागी. त्यांच्या दोन्ही मुलांना आहे. असा दात शेकडो माणसांत एखाद्याला असतो, आणि तो घराण्यात उतरतो. मला किती वर्षांपासून दिसतंय. पण मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

मी ताडकन उठलो. "म्हणजे हे दोघे एकाच घरातले?"

"तू बस खाली," ताईने मला दटावलं आणि नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही हे पुस्तकात लिहायचं नाही. पेशंटच्या तोंडातलं बाहेर काढायचं नसतं."

"माझा धंदाच तो आहे," भावजी पुटपुटले. पण ताईचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यांनाही ते पटलेलं होतं. दाताचा विषय त्यांनी मिटवून टाकला.

मग थोड्याच दिवसांत बेकरीतली आत्या आली.

आत्या म्हणजे बेकरीवाल्यांची सख्खी आत्या. नव्वदीची, वाळून काडी झालेली, पण आवाज खणखणीत. लग्न केलं नाही. आयुष्यभर बेकरीच्या गल्ल्यावर बसली आणि तीन पिढ्यांना शिळा पाव ताजा म्हणून विकला. तिच्या तोंडात एकच दाढ उरली होती, डावीकडे खाली, आणि तीही हलत होती. गेली काही वर्षं भावजी तिला म्हणायचे, "आत्या, ही काढू या, म्हणजे पूर्ण कवळी बसवता येईल," आणि ती म्हणायची, "हात लावशील तर चावीन." त्या दिवशी मात्र गाल सुजला होता. दुखणं सहन होईना. मी तिला हाताला धरून जिना चढवून वर नेलं.

भावजींनी दाढेची माफी मागितली आणि ती काढली. आत्याने ती दाढ तळहातावर घेतली, बराच वेळ बघितली आणि एक मोठा श्वास सोडला. मला वाटलं आता रडणार.

"फुटले बाई एकदाची," ती म्हणाली. म्हणजे "सुटले". शेवटची दाढही गेल्यामुळे तिचा स फ झाला होता आणि बाकीची बरीच अक्षरं वाऱ्यावर गेली होती. तिचं बोलणं कळायला आम्हांला थोडा सराव करावा लागला. ती जे म्हणाली ते मी नीट अक्षरांत सांगतो.

"डॉक्टर, तू गावाचा इतिहास लिहितोयस ना? मग लिही. आईने मरताना मला शपथ घातली होती. म्हणाली, तुझ्या तोंडात दात आहेत तोवर हे कुणाला सांगायचं नाही. तिला वाटलं दात आणि मी बरोबरच जाऊ. तिला काय माहीत मी एवढी चिवट निघेन."

भावजींनी कापसाचा बोळा तिच्या हातात दिला. तो तिने बाजूला ठेवला आणि सांगायला लागली.

शहरात एका खोलीत दोन भाऊ राहायचे. दोघेही सुतार. दोघांच्या बायका, म्हणजे दोघी जावा, एकाच चुलीवर. थोरली रोज पहिला घास घेतला की म्हणायची, "मीठ जरा जास्तच झालंय." रोज. धाकटीने मीठ कमी केलं तरी तेच. एक दिवस धाकटीने भाजीत मीठ घातलंच नाही. थोरलीने घास घेतला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आज त्यातल्या त्यात बरं आहे, पण जास्तच झालंय."

धाकटी उठली, ट्रंक उचलली आणि चालायला लागली. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर होतं. नवरा मागून "अगं ऐक तरी" करत आला. दोन रस्ते फुटतात तिथे, म्हणजे आत्ता आपला चौक आहे तिथे, तिच्या पायांतलं बळ संपलं. ती ट्रंकेवर बसली. "पुढे जायला पाय नाहीत," ती म्हणाली, "आणि मागे जायला तोंड नाही." आसपास माळ होता, आणि एक बाभळीचं झाड. नवऱ्याने तिला खूप समजावलं. शेवटी संध्याकाळ झाली, तेव्हा त्याने हत्यारांची पिशवी सोडली आणि आडोशापुरती खोप उभी केली.

"फुगली होती ना आई," आत्या म्हणाली. "एक-दोन दिवसांत राग उतरेल असं बाबांना वाटलं. ते अजून वाटच बघतायत म्हणा."

मग येणारे-जाणारे गाडीवाले थांबायला लागले. त्यांना भूक लागायची. धाकटीने दगडांची भट्टी रचली आणि पाव भाजायला घेतला. मिठाचा, बिनमिठाचा, ज्याला जसा हवा तसा. तिकडे शहरात थोरलीला करमेना. नावं कुणाला ठेवणार? महिनाभर तिने नवऱ्याच्या चुका काढून बघितल्या, पण तो उलट बोलायचाच नाही, त्यामुळे मजा येईना. शेवटी ती नवऱ्याला घेऊन धाकटीला परत न्यायला आली.

"आणि?" भावजींनी विचारलं. ते लिहायचं विसरून गेले होते.

"आणि काय? आईने तिला पाणी दिलं, पाव दिला. काकूने घास घेतला," आत्या म्हणाली. "पुढचं मी सांगायला हवं का?"

त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण थोरली परतही गेली नाही. मी हरले असं होईल म्हणाली. तिने रस्त्याच्या पलीकडे खोप बांधायला लावली, आणि तिच्या नवऱ्याने तिथे लाकडं रचली. ती वखार. दोघींनी अट घातली की आपल्या दारातून तिचं दार दिसता कामा नये, म्हणून भावांनी घरं तिरकी बांधली. त्यांच्यामधून रस्ताही तिरका गेला. आमच्या हमरस्त्याला चौकात जे विचित्र वळण आहे, ज्यावरून प्रत्येक नगराध्यक्ष इंजिनिअरला शिव्या घालतो, ते यामुळे. धाकटीने तर नवऱ्याला आडनावही बदलायला लावलं. जावेचं आणि आपलं आडनाव एक नको. पुढे मुलांना दोघींनी एकच गोष्ट सांगितली. आपण इथले मूळचे, समोरचे ते उपरे, मागून आलेले.

"आणि भाऊ?" मी विचारलं. "ते तरी बोलायचे की नाही?"

"विहीर कुणी खणली मग?" आत्या म्हणाली. "रोज संध्याकाळी खणायला जायचे दोघे. पाणी कधीच लागलं होतं, तरी खणत होते. तेवढंच भेटणं व्हायचं. म्हणून तर ती एवढी खोल आहे."

तिने दाढ पदराच्या टोकाला बांधली. मग हळू आवाजात म्हणाली, "वखारीतली आक्का माझी चुलत बहीण. माझ्याएवढीच. जन्मभर समोर राहिली, आणि मी तिला आक्का म्हणून हाक मारली नाही."

भावजींनी पुढचे काही आठवडे झपाटल्यासारखं लिहिलं. इकडे आत्याची कवळीही तयार झाली. सुंदर झाली होती. आत्याने आरशात बघितलं, दोनदा दात वाजवले आणि स्वच्छ, स्पष्ट आवाजात म्हणाली, "छान. आता दात आले. म्हणजे शपथ परत लागू झाली. मी तुला काहीही सांगितलेलं नाही."

"आत्या!" भावजी किंचाळलेच. "अहो, सगळं पुस्तक तुमच्यावर उभं आहे!"

"असेल," आत्या म्हणाली आणि नव्या दातांनी हसली.

नगराध्यक्षबाईंनी ठरवलं की छापायला देण्याआधी पुस्तक सभागृहात सगळ्यांसमोर वाचायचं, म्हणजे नंतर कुणी हरकत घ्यायला नको. त्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. खुर्च्या कमी पडल्या. डावीकडे बेकरीवाले सहकुटुंब, उजवीकडे वखारवाले सहकुटुंब. पुढच्या रांगेत एका टोकाला आत्या आणि दुसऱ्या टोकाला आक्का, जाड भिंगांच्या चष्म्यातून समोर बघत. चष्मा माझ्याच दुकानातला, पण फार जुना.

भावजी उभे राहिले. सवयीप्रमाणे आधी कागदांची माफी मागितली. त्यांनी मिठापासून सुरुवात केली. पहिल्या पानाला लोक हसले. दुसऱ्या पानाला कुजबुजायला लागले. धाकटीची बेकरी झाली आणि थोरलीची वखार झाली, तेव्हा मागच्या रांगेतले लोक नीट ऐकायला उठून उभे राहिले. आणि मग बेकरीवाले आणि वखारवाले एकदम उठून एकाच आवाजात ओरडले, "साफ खोटं आहे!"

दोघांनी एकमेकांकडे दचकून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

"म्हणजे आपलं गाव मिठावरून झालं?" बाई सावकाश म्हणाल्या. शताब्दीच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांना हे कसं लिहायचं ते सुचत नव्हतं. "डॉक्टर, याला आधार काय?"

"आमचे आजोबा घोड्यावरून आले होते!" वखारवाले गरजले.

"आमच्या आजोबांनी पुरातून..." बेकरीवाल्यांनी सुरुवात केली, पण नदीचं आठवून ते थांबले आणि आत्याकडे वळले. "आत्या, तूच सांग यांना. हे खोटं आहे की नाही?"

आत्याने ओठ घट्ट मिटले. भावजींनी तिच्याकडे असं काही बघितलं की मला त्यांची दया आली. आत्याने मान वळवून रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. मग ती काठी टेकत उठली, व्यासपीठाशी गेली, तोंडातून वरची कवळी काढली, खालची काढली, आणि दोन्ही कवळ्या नगराध्यक्षबाईंच्या हातावर ठेवल्या.

"हे धर गं जरा," ती म्हणाली. आणि बोलायला लागली.

बाईंच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही. त्यांनी कवळ्या सोडल्या मात्र नाहीत. आत्याचं बोलणं कुणालाच कळेना, म्हणून मी मध्ये उभा राहिलो आणि वाक्यागणिक सांगत गेलो. मीठ, ट्रंक, खोप, विहीर, सगळं. शेवटी तिने काठी आक्काच्या दिशेने रोखली.

"आक्के, आता तूही बोल," मी तिच्या वतीने म्हणालो. "काकूने तुला काय शपथ घातली होती?"

आक्का चष्मा सावरत उभी राहिली. "मला?" ती म्हणाली. "मला कसली शपथ? आईने मला सगळं सांगितलं होतं. तू बोलत नव्हतीस, म्हणून मी बोलत नव्हते."

आत्या तशीच उभी राहिली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती हे मला तिच्या इतक्या जवळ असूनही कळलं नाही.

वखारवाले मात्र मागे हटायला तयार नव्हते. "म्हाताऱ्या माणसांचं काय घेऊन बसलात? एक रक्त म्हणता, तर त्याची काही खूण नको?"

भावजींचा चेहरा पडला. त्यांनी ताईकडे बघितलं. ताईने ठामपणे नकारार्थी मान हलवली.

"खूण आहे," भावजी कसेबसे म्हणाले. "पण मला ती सांगता येत नाही. माझ्या धंद्यात ते बसत नाही. ती तुमची तुम्हीच बघा. तुमच्या तोंडात आहे."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मी बघितलं की बेकरीवाल्यांची जीभ गालाच्या आत हळूच वर सरकली आणि टाळूला लागली. समोर वखारवाल्यांचीही. दोघांच्याही घरात लहानपणापासून सांगितलेलं होतं की हा नशिबाचा दात फक्त आपल्या घराण्यात आहे, जगात दुसऱ्या कुणाला नाही.

"तोंड उघड," वखारवाले म्हणाले.

"तू आधी उघड."

"मी का आधी?"

"दोघंही उघडा!" बाई कवळ्या हातात धरून ओरडल्या.

आणि ते दोन दांडगे गृहस्थ भर सभेत, ट्यूबलाइटखाली, एकमेकांसमोर आ वासून उभे राहिले. वखारवाले उंच, म्हणून त्यांना वाकावं लागलं. बेकरीवाल्यांनी टाचा उंचावल्या. बराच वेळ दोघांनी एकमेकांच्या टाळूत बघितलं. मग वखारवाल्यांनी तोंड मिटलं आणि स्वतःच्या मते कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "तुझा थोडा मोठा आहे."

सभागृहात जो हशा उसळला, तो बाहेर बसथांब्यापर्यंत ऐकू गेला असं म्हणतात.

इथे सगळं गोड झालं असं तुम्हांला वाटत असेल, तर तुम्हांला नातेवाईक नसावेत. तोवर ते दोघे नुसते शेजारी होते, तेव्हा भांडायला रंग आणि फळ्या एवढेच विषय. आता चुलत घराणी निघाली, म्हणजे मानपान आला. पुतळा कुणाचा, यावर त्याच रात्री जुंपली. बेकरीवाले म्हणाले, आमची आजी आधी आली. वखारवाले म्हणाले, आमची आजी थोरली, आणि ती बोलली नसती तर तुमची निघालीच नसती. या मुद्द्यावर बेकरीवाल्यांनी नुसता आवाज चढवला. दोन बैठका झाल्यावर बाईंनी पुतळ्याचा नाद सोडला. चौकात आता साधं कारंजं आहे. दोन्ही घरांची त्यालाही हरकत होती, पण ती वेगवेगळ्या कारणांनी, त्यामुळे बाईंनी ते बसवून टाकलं.

पुस्तक मात्र छापलं गेलं. भावजींना वाटलं होतं, लोक चिडतील. लोक चिडले, पण आपल्या आजोबांचं नाव चुकीच्या पानावर आलं म्हणून. शहरातल्या एका वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या, "रुसव्यातून वसलेलं गाव" म्हणून, आणि एका सुटीच्या दिवशी शहरातली काही माणसं खरोखर आमचं गाव बघायला आली. वळणावर उभी राहून त्यांनी फोटो काढले. इंजिनिअरने त्या वळणाचा अभिमान बाळगायला सुरुवात केलीय. रस्ता सरळ करायचा प्रस्ताव त्याने स्वतःच मागे घेतला.

भावजींनी यापुढे काहीही लिहायचं नाही असं ताईला वचन दिलंय. पण खुर्चीत माणूस बसला की ते अजून विचारतात, "तुमचे आजोबा काय करायचे हो?" सवय लागली म्हणे.

पुस्तक निघाल्यावर आठवडाभराने एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा आत्या आणि आक्का दोघी आल्या. एकमेकींच्या हाताला धरून रस्ता ओलांडताना मी त्यांना काचेतून बघत होतो. एक म्हणत होती थांब, दुसरी म्हणत होती चल, आणि दोघी रस्त्याच्या मधोमध उभ्या. बस खोळंबली होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. त्यानेही पुस्तक वाचलं असावं.

"हिच्या चष्म्याचा नंबर बघ," आत्या नव्या दातांनी म्हणाली. "हिला काही दिसत नाही."

मी आक्काचे डोळे तपासले. जुना नंबर केव्हाच निकामी झाला होता. पलीकडच्या फुटपाथवरचं माणूस तिला नुसता पांढरा ठिपका दिसत असणार. मी चाचणीची चौकट तिच्या नाकावर चढवली, एकेक भिंग बदलत गेलो, आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. आक्काने अक्षरांकडे बघितलंच नाही. तिने मान वळवली आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या आत्याकडे पाहिलं. निरखून, खाली-वर, बराच वेळ.

"अगं बाई," ती म्हणाली. "किती म्हातारी झालीस!"

"तू काय तरुण आहेस?" आत्या फणकारली.

"मला वाटत होतं तू अजून तश्शीच आहेस. वेणीवाली. गल्ल्यावर बसायचीस ना, तिकडून मला तेवढंच दिसायचं."

आत्याने स्टूल आणखी जवळ ओढलं. तिने पदराने आक्काच्या भिंगावरचा माझ्या बोटाचा डाग पुसला, तो पुसताना भिंग आणखीनच धूसर केलं, आणि मला म्हणाली, "हाच नंबर ठेव. आणि फ्रेम दाखव चांगल्या. ती काळी नको. तिच्या नाकाला शोभणार नाही."

"माझ्या नाकाला काय झालं?" आक्का म्हणाली.

मी फ्रेमचा खण बाहेर काढून दोघींच्या समोर ठेवला आणि आत जाऊन तिघांसाठी चहा टाकला. संध्याकाळपर्यंत काही त्या उठणार नव्हत्या.